पिकपचे तीन आचके

तुमाला वाटंल, आता भुताची गोष्ट येनार. उजाड माळ, बंद पडलेली गाडी अन् गाडीत केस मोकळे सोडलेली बाई. तर बाई व्हती, पन ती आमची वहिनी, निळ्या गाऊनमधी, आठवा महिना. येळ दुपारी दोनची, ऊन डोळ्यात घुसनारं. अन् भूत म्हनाल तर ते मागं हौद्यात बसलतं. मीच.

त्या दिवशी सकाळपासून वहिनीच्या पोटातलं हललं न्हवतं. गावातल्या डॉक्टरीनबाईनं पोटाला कान लावला, परत लावला, अन् लई हळू म्हनली, "अंबाजोगाईला न्या. आत्ताच." अॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलती. दादा पुन्याला कंपनीत. ऱ्हायली काकाची पिकप. डिझेलची, माझ्यापेक्षा चार वर्सानं थोरली. जायचं व्हतं चाळीस किलोमीटर. पुढं काका, मधी वहिनी, खिडकीला आई.

आता मला आवाज काढायची खोड. हेडसरांची शिंक, सरपंचाचा खोकला, म्हशीचं रवंथ, काय बी सांगा. ह्या पिकपचा तर सेल्फपासून ब्रेकपर्यंत सगळा पाठ. म्हनून दहा-बारा किलोमीटरवर "घुर्र्... खुक्... घुर्र्" सुरू झालं, तसं काकानं मागच्या काचेवर मूठ हानली.

"कावून आवाज काढायला बे? येळ काय, तुझं चाललंय काय?"

"काका, मी न्हाई. गाडी हाय."

"गप बैस म्हनलं ना!"

त्याला खरं वाटायला अर्धा किलोमीटर गेला. मग गाडीनं आचका दिला, अन् मानूस दम सोडतो तशी हळूहळू गप झाली.

काकानं बोनेट उघडलं अन् डिझेल वढायचा फिल्टरवरचा हातपंप दाबाय लागला. मला म्हनला, "टाकीत काडी घाल, डिझेल बघ." टाकीचं झाकन चार दिवसाखाली कुठंतरी पडलतं. त्याच्या जागी मी खताच्या गोनीतलं जाड प्लास्टिक लावून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळलतं. शेतापर्यंत दोन चकरा झाल्या, थेंब सांडला न्हाई. काकानं पाठ थोपटलती. आता बघतो तर ते प्लास्टिक आत वढल्यालं, उपाशी कुत्र्याच्या पोटावानी खपाटीला गेल्यालं. पट्टी सोडली की "फुस्स्" झालं. मला हसू आलं, पुढं ऐकू जाईल इतकं. डिझेल अर्ध्याच्या वर व्हतं. परत आवळून बांधलं.

गाडी चालू झाली. काका म्हनला, "कचरा आडकला असंल."

दहा किलोमीटर गेलो न गेलो, परत तसंच. ह्या बारीला काकानं फिल्टर सोडून झटकला, खालचं पानी गाळलं, पाइप तोंडात धरून वढला. प्लास्टिक परत आत गेलतं, ते सोडून मी टाकीत काडी घातली. डिझेल धारेनं आलं. काकाचं तोंड डिझेलनं भरलं, पन कुठंच काय सापडंना. परत आवळून बांधलं, अन् गाडी मात्र चालू झाली. पाइप फुटला असता, डिझेल संपलं असतं, तर बरं वाटलं असतं. सगळं चांगलं असून गाडी मरत व्हती, ह्याचंच भ्या वाटाय लागलं.

आई सारखी इचारायची, "हललं का गं?" वहिनी डोळे मिटून, दोन्ही हात पोटावर ठेवून बसलती. नुस्ती मान हलवायची. न्हाई.

तिसऱ्यांदा गाडी मेली ती तीसेक किलोमीटरवर, कापसाच्या रानाच्या कडंला. एक मोटरसायकलवाला थांबला, आत डोकावला अन् निघून गेला. काकानं गावातल्या गाड्यांच्या मिस्त्रीला फोन लावला, स्पीकरवर.

"चालू करून आवाज ऐकवा," मिस्त्री म्हनला.

"चालूच व्हईना गा!"

"मग त्ये नकल्या हाय का संगं? त्याला काढाय लावा. कशी मरती ते."

मी काढला. खुक्, घुर्र्, आचका. मग काकाचा हातपंप, कच्च कच्च. मग मी थांबलो. पुढचा आवाज माझ्या जिभेवर आलता, अन् तवाच ते आत गेल्यालं प्लास्टिक डोळ्यापुढं आलं. दोन्ही येळा मी टाकी उघडली, मगच गाडी चालू झाली. तेवढा एक आवाज गाळला असता तर कुनाला कळलं नसतं. मी वहिनीकडं बघितलं. तिचे व्हट पांढरे पडलते.

"फुस्स्," मी केलं.

मिस्त्री म्हनला, "ते कशाचं बे?"

"टाकीच्या तोंडाचं."

"काय लावलंय तोंडाला?"

सांगितलं.

"आरं येड्या! टाकीला हवा लागती का न्हाई? डिझेल खाली चाललं, वरून हवा शिरंना, मग टाकी डिझेल सोडंल कशी? काढ ते. सैल फडकं ठिव, पंप मार अन् पळा."

काका माझ्याकडं बघितला बी न्हाई. त्यानं ते प्लास्टिक दातानं फाडलं, आपला रुमाल सैल कोंबला. त्यानंतर गाडी एकदा बी थांबली न्हाई. मी मागं आडवा पडून इंजन ऐकत व्हतो, अन् जिंदगीत पयल्यांदा त्याची नक्कल करावी वाटली न्हाई.

नेल्या नेल्या ऑपरेशन झालं. पोरगी. पन ती रडली न्हाई, तिला काचंच्या पेटीत ठिवलं. डॉक्टर आईला म्हनले, "अजून थोडा उशीर झाला असता तर..." अन् पुढं गेले. काका तीन दिवस माझ्याशी बोलला न्हाई.

चौथ्या दिवशी वहिनीकडं गेलो. तिला हसवावं म्हनून शेजारच्या मशीनचा "टुक् टुक्" काढला.

"भावजी, तोंड मिटा," वहिनी म्हनली. ती मला कधी मोठ्यानं बोलली न्हवती, अन् आता बी आवाज चढवला न्हाई. "चाळीस किलोमीटर मी श्वास धरून बसलते, एकदा तरी आत हलतंय का बघत. तवा फोनवर तुमचं घुर्र् अन् खुक्. दोनदा ते प्लास्टिक आत गेल्यालं तुमी बघितलं, अन् तुमाला हसू आलं. माझी पोरगी अजून नीट रडली न्हाई. तिचा आवाज फुटंस्तोवर तुमचा एक बी आवाज मला ऐकायचा न्हाई. जावा, बाहेर बसा."