न विकलेल्या मालाची अडत

जुनी पितळी कुलपं मी लिलावाच्या साइटवर विकायचो. आधी सगळं फुकट होतं. आमच्यासारख्यांनी दुकानाचा गाळा सोडला, तेव्हा साइटनं फी बसवली, तीही माल विको न विको. परवा एकाही कुलपाला बोली लागली नाही, तरी फी कापली. मी साइटच्या हेल्पलाइनला फोन केला, एका बाईनं उचलला. "बाई, माल हितंच पडलाय की, मग फी कशाची?" ती म्हणाली, "सर, पॉलिसी आहे."

माझे वडील कोल्हापुरात गुळाचे अडते होते. सौद्यात ढेप विकली, तरच ते अडत घ्यायचे. न विकलेल्या ढेपेवर मागितली असती, तर शेतकऱ्यानं तीच त्यांच्या डोक्यात घातली असती.

या साइटचं डोकं कुठं असतं, तेवढं मला कुणीतरी सांगा.