खर्च दिसला पाहिजे

आमच्या मामंजींचं एक वाक्य आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. "घरावर खर्च करावा, पण तो दिसला पाहिजे." मामंजी म्हणजे माझे सासरे, कल्याणातले वजनदार गृहस्थ. मी लग्न होऊन ठाण्याहून त्यांच्या घरी आले तेव्हा आगगाडी सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. मुंबईचे पाहुणे सकाळी येऊन संध्याकाळी परतू लागले होते, आणि त्यांना आपलं घर जुनाट वाटेल ही मामंजींना मोठी चिंता.

एका उन्हाळ्यात ओटीवर रोज त्याचाच खल. घर नवं करून घ्यावं की आहे तसंच चालवावं? घातलेला पैसा फळेल का? शेवटी ठरलं ते असं: ओटीला कोरीव कठडा, दारावर रंगीत काचा, आणि जुनी नळ्यांची कौलं उतरवून घरभर मंगलोरी कौलं. पावसाळ्याआधी दरवर्षी शाकारणी करावी लागे ती वाचेल, म्हणजे खर्च वसूल, असं मामंजी म्हणाले.

सासूबाईंनी एकच गोष्ट मागितली. तीसुद्धा जेवण वाढताना, खालच्या मानेनं.

"गवंडी येणारच आहे, तर चुलीमागच्या भिंतीला एक खिडकी पाडून घेतली असती. धुरानं डोळे फार चुरचुरतात. हल्ली संध्याकाळचं नीट दिसतही नाही."

"मागच्या बोळातून कोण कोण जातं! सोवळ्यातल्या अन्नावर त्यांची नजर पडू द्यायची?" मामंजी म्हणाले.

"जाळी लावता येईल."

"आणि आल्यागेल्याला ती खिडकी दिसणार आहे का? आमटी वाढा."

सासूबाईंनी आमटी वाढली. मी दाराआड उभी होते. तोंड उघडायची सोय नव्हती, पण हातातली पळी भिंतीवर आपटावी असं फार वाटलं.

कौलं चढली आणि खरी मजा तेव्हा कळली. जुन्या नळ्यांच्या फटींतून पाऊस गळायचा, पण चुलीचा धूरही तिथूनच बाहेर जायचा. नवी कौलं एकमेकांत घट्ट बसलेली. पाऊस आत येईना आणि धूर बाहेर जाईना. आम्ही दोघी पदर नाकाला लावून खोकत होतो आणि ओटीवर पाहुणे रंगीत काचांचं कौतुक करत होते. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो मी आतून पाहिला आहे. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "वडिलांपुढे मी काय बोलणार?" कचेरीतले पराक्रम मात्र रोज ऐकवायचे.

वर्ष-दोन वर्षांत सासूबाईंची पोळी तव्याऐवजी चुलीच्या कडेवर पडायला लागली. हात भाजून घेतले. तेव्हा मामंजी जागे झाले आणि त्यांनी काय केलं? बैलगाडी जुंपून आम्हां सगळ्यांना टिटवाळ्याला नेलं आणि चारचौघांत गणपतीला चांदीचे डोळे वाहायचा नवस बोलले. देवाबद्दल माझी तक्रार नाही. पण चांदीचे डोळे परवडले आणि भिंतीला भोक परवडलं नाही, हे मी मेले तरी विसरणार नाही.

पुढे मी पहिल्या बाळंतपणाला ठाण्याला माहेरी गेले. सासूबाईंना तोवर दिवसाढवळ्याही माणसं अंधुक दिसू लागली होती, म्हणून मामंजींनी स्वयंपाकाला आचारी ठेवला. बाळाला घेऊन परत आले, स्वयंपाकघरात डोकावले आणि उंबऱ्यावरच थांबले. चुलीवर ऊन पडलं होतं. धुराचा मागमूस नव्हता. चुलीमागच्या भिंतीत, सासूबाईंनी सांगितली होती तिथेच, चांगली ऐसपैस खिडकी होती.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

सासूबाई भिंतीशी पाटावर बसून चाचपडत शेंगा सोलत होत्या. "आचारी आला त्याच आठवड्यात. पहिल्याच दिवशी खोकत बाहेर गेला आणि म्हणाला, या भट्टीत मी उभा राहणार नाही. खिडकी पाडा, नाहीतर दुसरा माणूस बघा. दुसऱ्या दिवशी गवंडी आला."

"आणि सोवळं? बोळातल्यांची नजर?"

"जाळी लावली ना," त्या म्हणाल्या.

ओटीवरून मामंजींचा आवाज येत होता. कुणा पाहुण्याला ते सांगत होते की घरातली सर्वांत शहाणपणाची दुरुस्ती म्हणजे ही खिडकी, एवढ्याशा खर्चात केवढा फायदा! माझं मस्तक फिरलं. बाळ कडेवर नसतं तर मी ओटीवर गेलेच असते.

सासूबाईंनी मान वर केली, पण त्यांचं तोंड खिडकीकडे नव्हतं, कोऱ्या भिंतीकडे होतं. "उजेड चांगला पडतो का गं? सगळे म्हणतात, छान पडतो."

"पडतो! पण तुमच्या काय उपयोगाचा आता? वरातीमागून घोडं!" मी ओरडलेच.

त्यांच्या मांडीवरच्या शेंगा सांडल्या. चाचपडत त्यांनी माझा पाय धरला आणि घाबरून म्हणाल्या, "अगं, हळू बोल. ओटीवर ऐकू जाईल."