दांडा वर हाय तवर

सायमन साळवे प्लेट वाकवण्याआधी ती वाचत असत. डाव्या हाताने यंत्राचा दांडा वर धरलेला, उजव्या हाताची तर्जनी ओळींखालून सरकते आहे, ओठ हलताहेत. वाचून झाले की बोट पानाच्या तळाशी दोनदा आपटे आणि मग दांडा खाली येई. हे त्यांचे काम नव्हते. त्यांना पगार प्लेट वाकवण्याचा मिळत होता. पान वाचण्याचा पगार मला मिळत होता.

आमच्या दैनिकाचा छापखाना नगरच्या एमआयडीसीत आहे. संगणकावर लागलेले पान अॅल्युमिनियमच्या पातळ प्लेटवर उतरते. ती प्लेट छपाईयंत्राच्या सिलिंडरवर चढवायची तर तिच्या वरच्या आणि खालच्या कडेला घडी घालावी लागते. घडी केसभर हलली की रंग एकमेकांवर बसत नाहीत. रंगीत पानाला निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार प्लेट लागतात, म्हणजे घड्या आठ. त्या घालणारे यंत्र हाताचे होते. कमरेइतक्या उंचीचे लोखंडी टेबल, त्यावर दोन खुंट्या, प्लेट दाबून धरणारी पट्टी आणि एक लांब दांडा. सगळे त्याला बेंडर म्हणत. साळवे काहीच म्हणत नसत. सकाळी आले की आधी त्याच्या खुंट्या धोतराच्या जुन्या फडक्याने पुसत, मग डबा ठेवत.

रविवारची पुरवणी शुक्रवारी दुपारी छापली जाते. ती माझ्याकडे आली त्या पहिल्याच शुक्रवारी खालून निरोप आला, साळवेमामांनी दांडा वर धरलाय, तुम्ही या.

मी गेलो. साळवे सडपातळ, पन्नाशीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी प्लेटवर बोट ठेवले.

"साहेब, ह्या रेड्याचं नाव वाचा जरा."

प्रदर्शनात पहिल्या आलेल्या रेड्याच्या फोटोखाली एका दूध संस्थेच्या चेअरमनचे नाव होते आणि त्यांची तिसऱ्यांदा बिनविरोध निवड झाल्याचे लिहिले होते. शेजारी चेअरमनच्या फोटोखाली वय सहा वर्षे, वजन एक टन, रोजचा खुराक दहा लिटर दूध.

"चेअरमन घेतील चालवून," साळवे म्हणाले. "रेड्याचा मालक न्हाई घेनार."

छपाईयंत्रावरचा बबन हसला. मीही हसलो. मी आभार मानले तेव्हा त्यांनी ते वाक्य पहिल्यांदा ऐकवले, जे पुढे मी अनेकदा ऐकले. "दांडा वर हाय तवर बोला, साहेब. एकदा खाली आला की तुमी बी काय करू शकत न्हाई, मी बी न्हाई." घडी पडलेली प्लेट सरळ करायला गेले तर घडीवरच तुटते, म्हणून नवी काढावी लागते. एवढाच त्या वाक्याचा अर्थ होता.

त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचण्याची सवय चर्चमधली. रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचण्याचे काम गावाने त्यांच्याकडे दिले होते. "तिथं एक शब्द चुकला तर पाळकसाहेब गप बसत्यात," ते सांगत, "पन पुढच्या सतरंजीवरच्या म्हाताऱ्या थांबवत्यात. त्यांना समदं पाठ हाय. बोट ठिवून वाचायला त्यांनी शिकवलं."

त्यांनी पकडलेल्या चुका मी लिहून ठेवत नव्हतो. तरी त्या मला आठवतात, माझे स्वतःचे चांगले मथळे आठवत नाहीत. एका कृषी सल्ल्यात कांद्यावरच्या फवारणीचे औषध दहापट छापले जाणार होते. एका लग्नाच्या जाहिरातीत नवऱ्या मुलाचा फोटो दोनदा होता आणि नवरीचा नव्हता. प्रत्येक वेळी दांडा वर असे, मी जिना उतरे आणि बबन माझ्याकडे न बघता रोलर पुसत राही.

चुका सुटत नव्हत्या याचा मला आनंद व्हायला हवा होता. तो फारसा होत नव्हता. छपाई सुरू झाली की पहिली चांगली प्रत काढून बबन ती साळव्यांना देई. पानावर नाव माझे होते. शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, पण होते. साळव्यांचे नाव कुठेच नव्हते आणि प्रत त्यांच्या हातात जाई. मालक फोनवर पुरवणीबद्दल विचारत तेव्हा विषय, मांडणी, लेखक यातले काही विचारत नसत. विचारत, "सायमननं बघितलंय ना?" एका शुक्रवारी मी घरी लवकर निघालो म्हणून पत्नीला फोन केला, तर तिनेही हेच विचारले. तिने त्यांना एकदाच पाहिले होते, कंपनीच्या स्नेहसंमेलनात.

मी छपाई व्यवस्थापकांना एक पत्र लिहिले. प्लेटखात्यात पाने वाचण्यात वेळ जातो. त्यामुळे छपाई उशिरा सुरू होते आणि संगमनेर, अकोले तालुक्यांकडे जाणारे टेम्पो खोळंबतात. पाने वाचण्याची जबाबदारी संपादकीय विभागाची आहे. तिन्ही वाक्ये खरी होती. मी पत्राखाली सही केली.

आठवड्याने बेंडरच्या मागच्या भिंतीवर टाइप केलेला कागद लागला. 'प्लेटखात्यात पाने वाचू नयेत.'

साळव्यांनी तो बोट ठेवून वाचला. बबन म्हणाला, "मामा, हा कागद वाचायची तरी परवानगी हाय का?" साळवे हसले नाहीत. त्या शुक्रवारी पाने वेळेआधी यंत्रावर चढली. जिन्यात भेटले तेव्हा ते बाजूला झाले आणि मला वाट दिली.

त्यानंतर महिनाभराने मी पारनेर तालुक्यातल्या एका सुईणीवर लिहिले. बाई नुकतीच वारली होती. पंचक्रोशीतली अर्धी माणसे तिच्या हातावर जन्मली होती. मी चार वेळा त्या गावाला गेलो. मी लिहिलेल्यातले ते सर्वांत बरे होते आणि ते पहिल्या पानावर, पूर्ण रंगीत, माझ्या नावाने जायचे होते. कुणाच्याही बोटाखालून न जाता जायचे होते.

शुक्रवारी सकाळी चारही प्लेट तयार झाल्या. दुपारी बाईची मुलगी एसटीने नगरला आली, पिशवीत दुसरा फोटो घेऊन. "ह्यात आई हसतीय," ती म्हणाली. पहिल्या फोटोतही तोच हिरवा पदर होता, चेहरा असाच समोर होता, फक्त मान थोडी वेगळी आणि तोंड मिटलेले. मी फोटो बदलला आणि खाली फोन केला, "काळी बदला."

हे दोन शब्द आम्ही दिवसातून अनेकदा बोलतो. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर असतो. आयत्या वेळचा बदल बहुतेक मजकुरातच होतो, म्हणून नवी काळी प्लेट काढली की काम भागते. फोटो मात्र चारही प्लेटवर असतो. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. त्या दुपारी सवयीने तोंडातून तेच दोन शब्द गेले. नव्या काळ्या प्लेटवर हसणारी बाई आली. उरलेल्या तीन रंगांत तोंड मिटलेली राहिली.

साळव्यांनी चारही प्लेट वाकवल्या.

यंत्र सुरू झाल्यावर बबनला फोटो हललेला दिसला. रंग जुळत नाहीत असे समजून तो चाव्या फिरवत राहिला. इकडचा रंग तिकडे, तिकडचा इकडे. तोवर लांबच्या तालुक्यांचे गठ्ठे बांधून टेम्पो निघूनही गेले. मग तो ओरडला, "मामा, घडी चुकली तुमची." मी प्रत पाहिली आणि मला लगेच कळले. मी म्हणालो, "चारही नव्या काढतो." चारही कशाला, असे कुणी विचारले नाही. सगळे साळव्यांकडे बघत होते. ते बेंडरच्या खुंट्या पुसत होते.

रविवारी सुईणीच्या मुलीचा फोन आला. ती संगमनेरला दिलेली होती. तिच्याकडे पहिला गठ्ठा गेला होता. "आईला दोन तोंडं दिसत्यात, साहेब," एवढे म्हणाली आणि फोन ठेवला.

चौकशी दहा मिनिटांत संपली. व्यवस्थापक म्हणाले, घडी चुकली असेल किंवा प्लेट चुकीची लागली असेल, दोन्ही प्लेटखात्याचेच. मी खोलीत होतो. मला काही सांगायचे आहे का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. साळव्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "घडी बरोबर हुती."

त्यांना मेमो मिळाला आणि कागदाच्या रिळांच्या गोदामात पाठवले गेले. बेंडरवर नवा माणूस आला. वर्षभरात स्वयंचलित यंत्र आले. निवृत्तीपर्यंतची तीन वर्षे साळव्यांनी गोदामात काढली. माझ्या पुरवणीला त्या काळात अडवणारे कुणी नव्हते. चुका छापून येत. मालकांनी फोनवर विचारणे बंद केले. त्यांचा प्रश्न मला खटकत असे. तो थांबल्यावर त्याची आठवण येऊ लागली, तीही मला खटकली.

गेल्या वर्षी मी एका बातमीसाठी सुप्याला गेलो होतो. साळव्यांचे गाव तिथून जवळ. मी गाडी वळवली. हातात काम नसताना हा माणूस काय वाचतो, हे मला बघायचे होते.

ते अंगणात शेंगा फोडत बसले होते. "या साहेब. आज कोन चुकलं?" म्हणाले. मुलगा सुप्याच्या कारखान्यात आहे, हे त्यांनीच सांगितले. "तिथं बी पत्रा वाकवायचं मशीन हाय. बटन दाबलं की वाकतंय. वाचायचं कायच नसतं त्याच्यावर. सुखी हाय पोरगा."

चहा करायला ते स्वतः उठले. मी मागोमाग गेलो. छापखान्यातली माणसे जुन्या प्लेट घरी नेतात. कुणी शेळ्यांच्या गोठ्याला लावतो, कुणी चुलीमागच्या भिंतीला. साळव्यांच्या शेगडीमागे चार प्लेट होत्या. मथळा माझा होता. तीन प्लेटवर तोंड मिटलेली बाई, चौथीवर हसणारी. लाकडी पट्टीवर वरची घडी अचूक बसवली होती, सिलिंडरवर बसावी तशी. घडीवर काडेपेटी ठेवलेली. त्यांनी शेगडी पेटवायला ती उचलली आणि खालची बारीक अक्षरे दिसली. प्रत्येक प्लेटच्या कडेला पान, रंग आणि प्लेट काढल्याची वेळ छापलेली असते. तिन्ही रंगांवर सकाळचे अकरा वीस. काळीवर दुपारचे एक पन्नास.

मी म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

"मेमो मिळाला तेव्हाच?"

"त्याच्या आदी. वाकवायच्या आदी." त्यांनी दूध ओतले. "येळ येगळी, फोटू येगळा. दिसलं की समदं."

"मग दांडा का ओढलात?"

"तुमचा कागद हुता ना भिंतीला." त्यांनी शेगडी बारीक केली. "मला बी राग आल्ता, साहेब. म्हनलं, एकदा बगू देत ह्यांना. अन् वढला. वढल्यावर वाटलं, ती बाई तर मेलेली, तिचं काय चुकलं हुतं? पन मंग कुनाला सांगनार? म्हनून आनल्या घरी. रोज चहाच्या टायमाला दिसत्यात."

इतकी वर्षे ती चूक माझी एकट्याची आहे असे मी धरून चाललो होतो. ती मी कुणाला सांगितली नव्हती, पण ती पूर्ण माझी होती. त्या स्वयंपाकघरात तिच्यातला निम्मा वाटा त्यांनी काढून घेतला. आणि त्यांचा निम्मा त्यांनी रोज डोळ्यांसमोर ठेवला होता. माझा मी कुठे ठेवला होता, ते मला सांगता आले नसते. मला त्यांचा पुन्हा हेवा वाटला, पूर्वीपेक्षा जास्त.

मी म्हणालो, "मी हे लिहितो."

"लिव्हा की. पन लिव्हलं तर दोगांचं लिव्हा. एकट्याचं लिवून मोठं हू नका." मग चहाचा कप माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "अन् लवकर लिव्हा. दांडा वर हाय तवर."

मी लवकर लिहिले नाही. कधी निवडणूक होती, कधी दिवाळी अंक होता, कधी काहीच नव्हते. साळवे गेल्या महिन्यात गेले. त्यांच्या अंत्यविधीला चर्चच्या आवारात पुढच्या सतरंजीवर चार म्हाताऱ्या बसल्या होत्या. शास्त्रपाठ वाचणारा तरुण एका ठिकाणी अडखळला, तेव्हा त्यांच्यापैकी एकीने त्याला थांबवले आणि तो मागे जाऊन पुन्हा वाचू लागला.

म्हणून हा खुलासा. सुईणीवरील लेखाच्या पानात झालेली चूक घडीची नव्हती. फोटो बदलल्यावर चारही प्लेट नव्या काढायला हव्या होत्या. पुरवणीच्या संपादकाने, म्हणजे मी, एकच काढायला सांगितली आणि चौकशीत गप्प राहिलो. सायमन साळवे यांनी ती चूक वाकवण्याआधी पाहिली होती, हे त्यांनीच सांगितल्यामुळे नोंदवत आहे. त्यांनी ती पाहून थांबवू नये, याची व्यवस्था मी आधीच केली होती.

हे पान मी तीनदा वाचले आहे, बोट ठेवून. आज दुपारी ते छपाईला जाईल. नवे यंत्र चारही प्लेट आपोआप वाकवते. त्याला दांडा नाही.