वळचण पाच फूट चार इंच

दोष अण्णांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना तुम्ही सिमेंटला, पावसाला किंवा मला धरायला नको.

अण्णा म्हणजे माझे सख्खे मोठे काका. बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत बैठी घरं आणि बंगले बांधून देणारे कॉन्ट्रॅक्टर. मी सिव्हिल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून त्यांच्या साइटवर राबायचो. माझ्याकडे एकच काम असायचं, घरापुढची पडवी. कुणी तिला व्हरांडा म्हणायचं, कुणी पोर्च. डोक्यावर सावली, पाठीला भिंत, समोर उघडं, आणि तिथं एक माणूस आरामात बसलेला. मला फक्त एवढंच बघायचं होतं. तीन वर्षांत अकरा पडव्या काढल्या. एकीतही तसा बसलेला माणूस दिसला नाही.

साइटवर विटांचे तुकडे कुणी न टाकता साचतात ना, तसे हे किस्से साचलेत. मित्रांना कटिंग चहावर सांगतो तेव्हा ते हसतात. मला अजून हसू येत नाही.

तरी मी टिकलो, कारण अण्णांनी शब्द दिला होता. "संज्या, लोकांच्या पडव्यांवर हात बसवून घे. माझ्या बंगल्याची पडवी तुझी! तू काढशील तशी. एक इंच बदलणार नाही. अण्णाचा शब्द!"

त्यांचं आणखी एक वाक्य होतं. "अण्णा कुणापुढे वाकत नाही!" हे ते लग्नात म्हणायचे, हार्डवेअरच्या दुकानात म्हणायचे, फ्लॉवरवाल्याशी भाव करतानासुद्धा म्हणायचे. ही दोन वाक्यं एकमेकांवर आपटतील हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

*

उल्हासनगर, कॅम्प पाच. एक सिंधी शेठ. घरापुढे दहा फूट जागा, पूर्वेचं तोंड. मी कागद पसरून समजावलं, "अंकल, यहाँ नीची दीवार रखेंगे, बैठने के लिए. चार लोग आराम से बैठेंगे."

शेठ एकदम सावध झाले. "चार? पक्का?"

"पक्का."

"पूरा दिन बैठ सकते हैं? गर्मी में भी?"

"गर्मी में भी."

मी खूश! पहिल्यांदाच कुणीतरी उन्हाळ्यात बसायचा विचार करत होतं. दोन्ही बाजूंना जाळी ठेवली, वारा आरपार खेळेल अशी. फरशीला उतार दिला.

महिन्याभरानं अण्णांबरोबर गेलो तर पडवीत चार शिवणमशिनी आणि चार टेलर. पँटींचा ढीग माझ्या बसायच्या भिंतीवर.

"अंकल, ये क्या?"

"तू बोला था ना, चार आराम से बैठेंगे? देख, चार बैठे हैं! पाँचवाँ भी बैठ जाता, साईं, पर तेरा खंभा बीच में आता है!"

परत येताना अण्णा म्हणाले, "शेठला जागेची कदर आहे. शीक काहीतरी."

*

अंबरनाथला एक रिटायर्ड फोरमन होते. अख्खी नोकरी कारखान्याच्या आवाजात गेली, आता शांत बसायचंय म्हणाले. डोळ्यांत पाणीबिणी. मला वाटलं, हा आपला माणूस. त्यांच्यासाठी मी दोन पायऱ्या रुंद ठेवल्या, आरामखुर्चीत पाय लांब करता येतील एवढी खोली दिली.

काम संपायच्या दिवशी त्यांना चोर आठवले. ग्रिल लावलं. कमरेपर्यंत नाही, जमिनीपासून छपरापर्यंत! त्याला दार, दाराला आडणा, आडण्याला कुलूप.

दिवाळीनंतर अण्णा आणि मी भेटायला गेलो. फोरमनकाका आत खुर्चीत, आम्ही बाहेर पायरीवर. त्यांच्या बायकोनं गजांतून चहाचे कप दिले. बशी काही जाईना, म्हणून ती उभी करून दिली. दहा मिनिटं झाली तरी दार उघडेना.

मी म्हटलं, "काका, कुलूप काढा की."

"चावी मुलाकडे असते."

"आणि मुलगा?"

"ठाण्याला कामावर. साडेसातला येतो."

"मग दिवसभर तुम्ही...?"

"छान बसतो की!" काका म्हणाले. "शांत!"

*

हा किस्सा बदलापूर गावातला आहे आणि यात दामले आहेत. दामले म्हणजे अण्णांचे दोस्त, बँकेतून रिटायर. वास्तुशास्त्रावरची दोन पुस्तकं वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून खिशात होकायंत्र घेऊन फिरायला लागले. पूर्वी माणूस रिटायर झाला की भाजी आणायचा. आता लोकांच्या भिंती हलवतो.

घर एका गुरुजींचं. रस्ता पश्चिमेला, आंब्याचं झाड पश्चिमेला, संध्याकाळचा वारा पश्चिमेचा. मी पडवी पश्चिमेला काढली. दामलेंनी होकायंत्र फिरवलं आणि कपाळाला हात लावला.

"ईशान्येला घ्या! ईशान्य उघडी पाहिजे!"

मी म्हटलं, "काका, ईशान्येला शेजाऱ्याचा गोठा आहे."

"दिशेला गोठा दिसत नाही, मुला."

अण्णा दामलेंच्या बाजूनं. गुरुजी बिचारे भिडस्त, 'आपण म्हणाल तसं' म्हणाले. पडवी ईशान्येला झाली. समोर पाच हातांवर सहा म्हशी, त्याही पाठमोऱ्या.

दामले बघायला आले, डोळे मिटून उभे राहिले. "जाणवतात का लहरी?"

गुरुजी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून बोलले. "लहरी जाणवल्या. आता तेवढी माश्यांची दिशा सांगा, ती बंद करू."

*

स्कूटरचा किस्सा छोटा आहे. अंबरनाथचंच एक जोडपं, नऊ वर्षं नंबर लावून स्कूटर मिळालेली. पडवीतली सगळ्यात कोरडी जागा तिला. तिच्या अंगावर जुनी साडी पांघरलेली, चाकाखाली पाट. आजोबा पायरीवर उन्हात.

मी म्हटलं, "आजोबांना आत घ्या ना."

सूनबाई म्हणाल्या, "अहो, आजोबांचा रंग नाही उडत!"

*

आता सुक्र्यादादा. बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा सुतार. भाताचं काम संपलं की आमच्याकडे यायचा. अकरा पडव्यांत मला जे कुणी शिकवलं नाही, ना कॉलेजनं ना अण्णांनी, ते यानं अर्ध्या तासात शिकवलं.

अण्णांच्या बंगल्याचं काम छपरापर्यंत आलं होतं. बंगला बदलापूरलाच, तोंड डोंगराकडे, आणि पाऊस नेमका तिकडूनच आत घुसणारा. मी टेप धरून उभा. सुक्र्यादादा आला आणि भिंतीला पाठ लावून सरळ खाली बसला.

"बस."

"अरे, आधी उंची ठरवू."

"पडवी बसाया हाय का उभं ऱ्हायाला?"

बसलो. त्याचा भाऊ समोरच्या कडेला एक बांबू आडवा धरून उभा होता. सुक्र्यादादा त्याला हातानं सांगत होता, खाली घे, अजून खाली.

"डोंगर दिसतो?"

"दिसतो."

"वरचं आभाळ?"

"दिसतं."

"घे रं खाली! आता?"

"डोंगर दिसतो. आभाळ नाही."

"झालं. तुला आभाळ नाय दिसला, म्हंजे पावसाला तू नाय दिसला. बांध तिथंच."

टेप लावला. पाच फूट चार इंच. वळचण तिथं येणार, म्हणजे आत शिरताना मोठ्या माणसानं जरा मान झुकवायची, आणि आत आलं की छप्पर वर चढत गेलेलं. तीन वर्षं आम्ही लोकांच्या पडव्या उभ्यानं मोजत होतो. म्हणून त्यांत कुणी बसत नव्हतं!

एकच अडचण होती. हे मे महिन्यात चाललं होतं आणि माझी डिप्लोमाची शेवटची परीक्षा मेमध्येच होती. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "परीक्षा ऑक्टोबरला परत असते. मृग परत असतो का?"

मी बाबांकडे बघितलं. आमचे बाबा मोठ्या भावासमोर तोंड उघडत नाहीत. तेव्हाही उघडलं नाही. त्यांचाही दोष आहे, पण धाकटा.

सहाच्या सहा पेपरांना मी छपरावर होतो. मंगलोरी कौलं, जुने सागवानी वासे, मागच्या भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक. कौलं बसली त्या दुपारी काकू तांदळाचं ताट घेऊन आल्या, बाकावर मांडी घालून बसल्या आणि निवडायला लागल्या. अण्णांची बायको तीस वर्षं बिल्डरच्या घरात राहून स्वयंपाकघराच्या दारातच बसत आली होती. तासाभरानं म्हणाल्या, "संजू, इथं घरातही वाटतंय आणि बाहेरही वाटतंय रे."

माझ्या पडवीत बसलेला पहिला माणूस. पेपर गेल्याचं मी त्या दिवशी विसरलो, खरं सांगतो.

*

वास्तुशांतीला अण्णांनी सगळा गाव बोलावला. पाहुणे येत होते आणि वळचणीपाशी मान झुकवून आत शिरत होते. अण्णा सोवळं नेसून दारात उभे. येणारा प्रत्येक जण त्यांच्यापुढे वाकतोय असंच दिसत होतं! अण्णांचा चेहरा असा फुललेला की मला वाटलं, आता माझ्या पाठीवर थाप मारतात.

तेवढ्यात नगरपालिकेतले साहेब आले. सगळ्या परवानग्या ज्यांच्या सहीनं होतात ते. अण्णा घाईनं त्यांना घ्यायला बाहेर निघाले.

आता साहेबांची उंची पाच फूट दोन इंच. ते ताठ मानेनं पायऱ्या चढले. आणि अण्णा पाच फूट नऊ इंच. वळचणीखालून बाहेर येताना ते चांगले कमरेतून वाकले. बरोबर साहेबांच्या पुढ्यात. हात जोडलेले.

साहेबांनी आशीर्वादाला हात वर केला.

मागून हार्डवेअरवाले भोईरशेठ ओरडले, "अण्णा! शेवटी वाकलात!"

पन्नास माणसं हसली. भटजीसुद्धा हसले. अण्णांनी मान वर करून वळचणीकडे बघितलं.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा कौलं उतरवून अंगणात रचलेली होती. लोखंडी पाइप आले होते, वर टाकायला सिमेंटचे पत्रे. कड आता नऊ फुटांवर जाणार होती.

"अण्णा, पाऊस आत येईल."

"येऊ दे. पावसाला घाबरून घर बांधायचं?"

"तुम्ही शब्द दिला होता. एक इंचही बदलणार नाही म्हणाला होतात."

"इंच कुठं बदलला? फूट बदललेत." असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर हसले. "आणि उद्या कुणी हत्तीवरून आला तरी माझ्या दारात अडकता कामा नये."

सुक्र्यादादाला अण्णांनी निरोप पाठवला होता. तो आला, रस्त्यावरूनच वर बघितलं आणि मला म्हणाला, "आता बसून नको बघू." आणि वासे उतरवायला न थांबता परत गेला.

काकू स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या. तांदळाचं ताट मांडीवर.

*

जुलैमध्ये काकूंनी निरोप धाडला, थालीपीठ केलंय, ये. मी ठरवलं होतं की त्या घराची पायरी चढायची नाही. पण काकूंवर कसला राग? गेलो. पाऊस आडवा लागला होता. पत्र्यावर असा ताशा की फाटकातून हाक मारली तर पडवीत ऐकू जाऊ नये.

पडवीत अण्णा होते. आरामखुर्चीत, पाठ ताठ, डाव्या हातात उघडी छत्री, उजव्या हातात पेपर. पेपराची खालची घडी ओली होऊन मांडीला चिकटली होती. शेजारी बाकावर दामले, त्यांचीही छत्री उघडी. पलीकडे भोईरशेठ, त्यांची मोठी काळी, बाकाची अर्धी जागा खाणारी. फरशीवर पाण्याचा लोंढा. तिघांनी पाय बाकाच्या आणि खुर्चीच्या दांडीवर वर घेतलेले.

काकू चहा घेऊन आल्या. प्रत्येक कपावर बशी पालथी घातलेली. अण्णांनी छत्री मानेत धरली, बशी काढली, एक घोट घेतला आणि बशी परत कपावर ठेवली.

विषय चालला होता आजकालच्या पोरांचा. दामले ओरडून म्हणत होते, "पुस्तकी! सगळी पुस्तकी पोरं! अनुभव म्हणून नाही!"

"अगदी!" अण्णा म्हणाले. मग त्यांना मी दिसलो. पायरीवर, ताठ, मान न झुकवता वर आलेला.

"संज्या! उभा काय राहिलास?" त्यांनी दामलेंना जरा सरकायची खूण केली. "छत्री आणलीयस ना? मग बस की आरामात!"

फायनलचे सहा पेपर मी त्या पडवीसाठी सोडले. ऑक्टोबरच्या परीक्षेलाही बसलो नाही.