भिंतीसमोर न बसणारे बाबा

रियाधमध्ये मी एका इंटिरियर कंपनीत साइट सुपरवायझर होतो. तेव्हा ओलाया भागाजवळ राहणाऱ्या एका सौदी बँक अधिकाऱ्यानं आपल्या वडिलांसाठी मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, नव्यानं करून घेतली. तिन्ही बाजूंना जमिनीलगत गाद्या आणि लोड, समोरची अख्खी भिंत अक्रोडाच्या उभ्या पट्ट्यांची. भिंतीपासून थोडं अंतर ठेवून छतातून खाली उतरणारी एक आडवी फळी लावली होती आणि तिच्यामागं हॅलोजनचे दिवे लपवले होते. उजेड पट्ट्यांवरून खाली यावा, पण दिवा कुणाच्या डोळ्यांत जाऊ नये, एवढीच त्यामागची योजना.

काम आटोपलं आणि आठवड्याभरात त्या अधिकाऱ्याचा, म्हणजे मुलाचा, फोन आला. "बाबा बसत नाहीत."

मी गेलो. मुलगा दारातच उभा होता. वडील येतात, आपल्या जागेवर बसतात, कपाळावर हात धरतात आणि उठून आतल्या खोलीत जातात, असं तो म्हणाला. संध्याकाळी त्यांचे जुने दोस्त येऊन रिकाम्या लोडाकडे बघत कॉफी पितात. "मी त्यांच्यासाठी भिंत केली आणि त्यांनाच बाहेर काढलं," तो म्हणाला.

बूट काढून मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो. दिवा दिसेना. कोपऱ्यात गेलो, दारात गेलो, बाबांच्या जागेजवळही उभा राहिलो. भिंत झकास उजळली होती, डोळ्यांना काहीच त्रास नव्हता. मुलानं बसायला सांगितलं, कॉफी आणली. मी ती उभ्यानंच घेतली. ज्याच्या घरी काम चालू आहे, तिथं बूड टेकायचं नाही, ही आमच्या घरची शिकवण. सांगलीत माझे वडील वायरिंगची कामं घ्यायचे. बसलेला कामगार त्यांना चालत नसे, आणि सगळ्यात आधी ते स्वतः बसत नसत.

मग मी शक्यता लिहून काढल्या आणि एकेक संपवत गेलो. बल्ब कमी वॅटचे केले. पॉलिश चमकतंय म्हणून ते घासून मंद केलं. दिव्यांवर दुधी काच लावली. दर वेळी उभं राहून तपासलं, दर वेळी सगळं ठीक. आणि दर वेळी मुलाचा तोच फोन.

आमचा मिस्त्री रत्नागिरीचा. पट्टीवर पॉलिश मारता मारता म्हणाला, "साहेब, म्हाताऱ्याला भिंतच आवडलेली नाय. दिव्यांना कशाला छळताय?"

"मग कपाळावर हात का धरतात?"

"तुमचं बिल बघून."

मला हसू आलं नाही. खरंच भिंत आवडली नसेल, तर मी काय दुरुस्त करत होतो?

त्याच दिवशी अस्रच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर बाबा स्वतः आले. मी नेहमीसारखा मधोमध उभा, हातात टॉर्च. ते आपल्या जागेवर बसले, कपाळावर हात धरला आणि दुसऱ्या हातानं शेजारची गादी थोपटली. मी "शुक्रन बाबा, काम आहे," म्हणालो. त्यांनी पुन्हा थोपटली. मुलगा हळूच म्हणाला, "आता नाही म्हणू नका. त्यांना वाईट वाटेल."

मी बसलो. टॉर्च बाजूला ठेवून मान वर केली, तर फळीच्या खालच्या कडेमागून दिव्यांची सगळी रांग माझ्या डोळ्यांत. उठलो, गायब. बसलो, हजर. मिस्त्री दारातून माझी ही उठाबशी बघत होता.

"साहेब, तब्येत बरी आहे ना?"

"इकडे ये. बस खाली."

बूट काढून तो आला, बसला आणि त्यानं वर बघितलं. मग पेन्सिल काढून फळीखाली पट्टी किती वाढवायची, ते बसल्या बसल्याच मला विचारू लागला.

दुसऱ्या दिवशी पट्टी बसवली. या वेळी मी उभ्यानं काहीच तपासलं नाही. बाबा आले, बसले, लोडाला रेलले. भिंतीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला जवळ बसवून माझ्या गावाकडे पाऊस किती पडतो, ते विचारलं. एव्हाना त्यांचे दोस्त जमू लागले होते.

मी मुलाला विचारलं, "त्यांना दिवे पटले का? काही बोलले?"

तो कॉफी ओतत होता. "बोलले नाहीत," तो म्हणाला. "बसलेत."