इअरबड्सच्या दोन जोड्या आणि डावा कान

पांढरी जोडी नवऱ्यानं आणली होती, काळी मुलीनं पाठवली होती. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. मी धुळ्याला देवपुरात ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, सोमवार ते शनिवार तिथंच एका खोलीवर राहते आणि शनिवारी दुपारी एसटीनं जळगावला, मेहरूण भागातल्या आमच्या घरी येते. बसमध्ये मोबाइलवर कथा ऐकायची मला सवय. जुन्या वायरच्या इअरफोनची एक बाजू तुटली, हे मी दोघांनाही वेगवेगळं सांगितलं होतं. त्या रविवारी सकाळी नवरा बाजारातून एक डबी घेऊन आला आणि दुपारी पुण्याहून मुलीचं पार्सल आलं.

"एक परत करू," नवरा म्हणाला.

"कोणती?"

"ते तू ठरव," असं म्हणून तो पेपरात शिरला. पण पेपराच्या वरून बघत होता.

मुलगीही फोनवर म्हणाली, "आई, बाबांनी आणलेली ठेव हवं तर. पण एकदा नीट ऐकून बघ." त्या 'पण'मध्ये बरंच काही होतं.

दोन्ही परत करायला आठवड्याची मुदत होती. सोमवारी दोन्ही डब्या पर्समध्ये टाकून मी धुळ्याला गेले आणि शिक्षकी सवयीनं डायरीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडले. पांढरी कानात नुसती टेकून बसायची, खाली दांडी. हलकी होती, कान दुखायचा नाही, पण बसच्या खडखडाटात निम्मी गोष्ट बुडायची. काळीला रबराची टोपी होती. ती आत घट्ट बसली की एंजिन एकदम लांब जायचं आणि वाचणाऱ्या बाईचा श्वासही ऐकू यायचा. फोनवर मात्र काळी वाईट. मुलगी म्हणायची, "तू विहिरीतून बोलतेयस." पांढरीतून माझा आवाज स्वच्छ जायचा. बुधवारपर्यंत दोन्ही रकाने जवळपास सारखे भरले होते आणि मला ते बरं वाटत होतं. निकाल लावायची घाई नव्हती.

गुरुवारी सकाळी चहा ठेवताना पांढरी लावली तर डावी बाजू मेल्यासारखी. आवाज येत होता, पण भिंतीपलीकडून आल्यासारखा. चार्जिंग संपलं असेल म्हणून डबीत ठेवली. कॉलेजातून आल्यावर पुन्हा लावली, तेच. जाळीत काही अडकलं असेल म्हणून जुन्या टूथब्रशनं हळूच घासली. तेच. मी रकान्यात लिहिलं, 'पांढरी: डावी खराब.' लिहिताना वाईट वाटलं, कारण नवऱ्याला हे सांगायचं होतं.

संध्याकाळी काळी लावली. तिचीही डावी बाजू दबलेली.

इथं खरं तर मला कळायला हवं होतं. पण माणूस स्वतःवर शंका घ्यायच्या आधी वस्तूंवर घेतो. मला वाटलं मोबाइल बिघडला. सेटिंगमध्ये जाऊन आवाजाची पट्टी मधोमध आहे का ते तपासलं. फोन बंद करून चालू केला. कानात बारीक कुंऽऽ असा सूर चालू होता, तोही मी स्वस्त मालाच्या नावावर घातला. फोन मी कायम उजव्या कानाला लावते, त्यामुळं बोलताना काही अडलं नाही. शुक्रवारी जिना उतरताना जरा तोल गेला. कठडा धरला आणि उतरले.

शनिवारी जळगावच्या स्टँडवर उतरले ती घरी न जाता नवऱ्यानं पांढरी घेतली होती त्या दुकानात सरळ गेले. मोबाइलच्या वस्तूंचं दुकान, राजस्थानी कुटुंबाचं. म्हातारे शेठ गल्ल्यावर बसतात आणि काउंटर सून सांभाळते. मी पांढरी डबी तिच्यापुढं ठेवली. मी रागात होते. आठवडाभराची दगदग, बसचा घाम आणि घरी जाऊन नवऱ्याला 'तुमची खराब निघाली' म्हणायचं ओझं, सगळं तिच्यावर निघालं.

"चार दिवसांत डावी बाजू गेली. असला माल ठेवता कशाला?"

ती शांत होती. स्पिरिटच्या कापसानं दोन्ही बड पुसले, स्वतःच्या कानात घातले, स्वतःच्या मोबाइलवर गाणं लावलं. डोकं एकदा इकडं, एकदा तिकडं केलं.

"ताई, वाजतोय ना. दोन्ही साइडनं बरोबर."

"मग मी खोटं बोलते का?"

गल्ल्यावरून शेठ म्हणाले, "बेटा, नवा पीस देऊन टाक. बाईंशी वाद नको."

तिनं नवी डबी फोडली. मी लावली. डावीकडं तीच भिंत. माझा चेहरा तिनं पाहिला असणार. ती काउंटरच्या बाहेर आली, माझ्या कानातले दोन्ही बड काढले आणि म्हणाली, "ताई, उलटं करून बघू. बसणार नाही नीट, मी धरते." डावा बड तिनं माझ्या उजव्या कानाशी धरला. गाणं लख्ख आलं. मग उजवा बड डाव्या कानाशी धरला.

काहीच नाही. लांबवर कुठं तरी माशी गुणगुणल्यासारखं.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू होते. ती माझ्याकडं बघत होती आणि बड अजून माझ्या कानाशी धरून उभी होती. खूप हळू म्हणाली, "ताई, कानवाल्या डॉक्टरला दाखवा. सासऱ्यांना सांगत नाही मी." ते शेवटचं वाक्य ती का म्हणाली ते मला कळलं नाही. मी डबी उचलली आणि तिची माफी न मागता बाहेर पडले.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, मळ असेल. दिवसभर ती टोपी खुपसून बसतेस." ती टोपी म्हणजे मुलीची काळी जोडी. मला राग आला आणि धीरही आला, कारण मळ हा शब्द किती घरगुती आहे. रविवारी कानाचे दवाखाने बंद होते. एकाला फोन लावला, कुणी उचलला नाही. नवऱ्यानं मेडिकलमधून मळ सुटायचे थेंब आणले. मी उजव्या कुशीवर पडून राहिले, वरच्या कानात थेंब. उजवा कान उशीत दाबला होता. स्वयंपाकघरात नवरा भांडी घासत होता हे मला माहीत होतं, दार उघडं होतं, पण मला ते ऐकू येत नव्हतं. उशीवरून डोकं उचललं तर भांड्यांचा आवाज एकदम खोलीत आला. परत ठेवलं, गेला. असं मी चार-पाच वेळा केलं. नंतर करायची हिंमत झाली नाही.

"उद्या रजा टाक," तो म्हणाला.

"तोंडी परीक्षा आहेत."

"मग मी वरणगावला कामावर फोन करून रजा सांगतो आणि तुझ्यासोबत येतो."

"मळासाठी?" मी विचारलं. त्यानं हातातला फोन परत ठेवला.

सोमवारी वर्गात मुलं एकेक करून समोर बसत होती आणि मी प्रत्येकाकडं उजवा कान वळवत होते. एक मुलगी घाबरून इतकं हळू बोलत होती की मी तिला तीनदा 'पुन्हा सांग' म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं उत्तर चुकतंय.

दुपारी खोलीकडं परतताना रस्ता ओलांडत होते. हॉर्न वाजला. मला तो उजवीकडून आला. मी उजवीकडं बघितलं, रस्ता मोकळा, म्हणून पाऊल टाकलं. मोटरसायकल डावीकडून येत होती. ब्रेकची किंकाळी, पायाला घासून गेलेलं चाक, डांबरावर पसरलेली माझी पर्स. पोरगं घाबरलं होतं आणि घाबरलेला माणूस ओरडतो तसं ओरडलं, "मॅडम, ऐकू येत नाही का?"

मी म्हटलं, "नाही." ते शब्दशः उत्तर होतं.

माझ्या घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो, कोपऱ्यावर भाजीच्या गाडीपाशी होत्या. भाजी तिथंच टाकून त्या आल्या, मला हाताला धरून ओट्यावर बसवलं. मी त्यांना सगळं सांगितलं. मळाचे थेंबही सांगितले.

आक्कांचा आवाज चढला. "मळ? मन्हा भाऊना कान असाच गया. मळ शे म्हनीसन बठी ऱ्हायना. आते ऊठ. बठ्ठं ऱ्हाऊ दे, दवाखानामा चाल."

मळ समजून बसून राहिल्यानं त्यांच्या भावाचा कान गेला होता. मी म्हटलं संध्याकाळी जाऊ, जेवून जाऊ. त्यांनी ऐकलं नाही. रिक्षात त्या माझ्या डाव्या बाजूला बसल्या होत्या आणि वाटभर काही तरी बोलत होत्या. मला त्यातलं निम्मंच कळलं.

डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं आणि लगेच बाजूला ठेवला. मग नादकाटा, दोन शिंगांचा धातूचा काटा, स्वतःच्या गुडघ्यावर आपटून त्याचा दांडा माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. "आवाज कुठं येतोय?"

"उजवीकडं."

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा उजवीकडं. "मळ असता तर बंद कानाकडं आला असता," ते म्हणाले. "कधीपासून आहे हे?"

"गुरुवारपासून."

"गुरुवार." त्यांनी बोटांवर मोजलं.

मला एका लहानशा बंद खोलीत बसवलं, कानांवर जड हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाचं भराभर झालं. मग डावा. काचेपलीकडं दवाखान्यातली मुलगी यंत्र फिरवत होती आणि मी वाट बघत होते. शांतता. ती आवाज सोडतेय आणि मला येत नाहीये, की अजून सोडलाच नाही? मी तिच्या हाताकडं बघायला लागले, तर तिनं यंत्राची बाजू वळवली. मग मी बटण उगाच दाबलं. तिनं मान हलवली. शाळेत कॉपी करताना पकडल्यासारखं झालं मला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

कागदावर दोन रेघा आल्या. उजव्या कानाची वरच्या वर सरळ, डाव्याची खाली कोसळलेली.

"आतल्या नसेला मार बसलाय," डॉक्टर म्हणाले. "अचानक होतं असं. स्टेरॉइडच्या गोळ्या आजच सुरू करू, आधी साखर तपासून घ्या."

"परत येईल?"

"काहींचं पूर्ण येतं, काहींचं अर्धं, काहींचं येत नाही. खोटं सांगत नाही. पण तुम्ही लवकर आलात. मळ समजून लोक महिनोन् महिने बसतात."

मी पर्समधून दोन्ही डब्या काढून टेबलावर ठेवल्या. "यांच्यामुळं झालं का?"

त्यांनी आवाज किती ठेवते, किती वेळ ऐकते ते विचारलं. मग म्हणाले, "नाही. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. यांच्यामुळं तुम्हाला कळलं, एवढंच." मी ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं, कारण घरी सांगायचं होतं.

तरी व्हायचं ते झालंच. मुलगी फोनवर रडली. "मीच पाठवली ती. आत घट्ट बसणारी." दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं नवरा आला, खोलीत पाय ठेवल्याबरोबर म्हणाला, "चौकातल्या साध्या दुकानातून घेतली मी, चांगली घ्यायला हवी होती." डॉक्टरांचं म्हणणं मी दोघांना सांगितलं. दोघं 'हो' म्हणाले आणि कुणालाही ते पटलं नाही. मळाचे थेंब घालण्यात एक दिवस गेला हे मात्र नवरा बोलला नाही, मीही बोलले नाही. ते आमच्यामध्ये खोलीत होतं.

नवरा रजा काढून खोलीवरच राहिला. गोळ्यांनी झोप उडाली, तोंड सुजलं, चिडचिड वाढली. रोज सकाळी मी काळीचा डावा बड लावून एकच गोष्ट, त्याच आवाजावर, पहिलं एक मिनिट ऐकायची. डायरीत लिहायची: नाही. नाही. नाही. आठव्या दिवशी डॉक्टरांनी कानाच्या पडद्यातून आत इंजेक्शन दिलं. कानात गरम पाणी ओतल्यासारखं झालं आणि खोली गरगर फिरली. नवऱ्यानं माझं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. असं आणखी एकदा झालं.

त्यानंतर तीन दिवसांनी त्या एका मिनिटात मला एक शब्द आला. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, किरकिरा, पण शब्द. 'दार.' मी पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा 'दार'. मी उठून नवऱ्याला हाक मारली नाही. भीती वाटली की बोललं तर जाईल. संध्याकाळी सांगितलं.

पुढच्या तपासणीत डाव्या कानाच्या रेघेचा सुरुवातीचा भाग वर चढला होता, शेवटचा खालीच राहिला. म्हणजे जाड आवाज आले, बारीक आले नाहीत. डॉक्टर म्हणाले आणखी थोडं सुधारेल कदाचित, नाही तर एवढ्यावर भागवायचं. कुकरची शिट्टी मला डाव्या बाजूनं येत नाही. शिट्टीखालची धुसफूस येते.

परत करायची मुदत कधीच टळून गेली होती, त्यामुळं दोन्ही जोड्या घरात राहिल्या. मुलीनं विचारलंच, कोणती चांगली. मी खरं ते सांगितलं. बसमध्ये काळी, कारण आवाज कमी ठेवूनही गोष्ट कळते आणि मला आता आवाज कमीच ठेवायचा आहे. घरी पांढरी, कारण ती कान बंद करत नाही, कुणी हाक मारली तर येते. मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंचा आवाज एका कानात आणायची सोय असते, ती मुलीनं करून दिली.

दुकानातल्या सुनेकडं जायला मला दीड महिना लागला. शेठ गल्ल्यावर नव्हते. मी म्हटलं, "त्या दिवशी मी फार बोलले तुम्हाला." ती हसली, मग हसू थांबवून तिनं विचारलं, "आला का कान?"

"अर्धा आला."

"अर्धा तर अर्धा," ती म्हणाली आणि काउंटरला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. तिच्या सासऱ्यांचाही एक कान बऱ्याच वर्षांपूर्वी असाच गेलाय, ते कुणाला कळू देत नाहीत, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. मी धुळ्याच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. इतक्या वर्षांनी उपयोग होणार नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तिनं चिठ्ठीची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि आत आलेल्या गिऱ्हाइकाकडं वळली.