मैत्रीचा बटाटा

'जगाचा इतिहास तलवारीने नव्हे, बटाट्याने घडवला आहे.'

हे वाक्य निमंत्रणपत्रिकेवर सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. पत्रिका माझ्या टेबलावर होती. तिच्या शेजारी एक नक्षीदार लाकडी पेटी होती, पेटीत मखमल होती आणि मखमलीवर मूठभर जांभळे बटाटे होते. दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाची माती त्यांना अजून चिकटलेली होती. विमानतळावर कस्टम्सने पेटी अडवली आणि आमच्याकडे पाठवून दिली. परवा सकाळी मंत्रिमहोदय हे बटाटे पुण्यातल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या आवारात लावणार होते.

मी तेव्हा प्लांट क्वारंटाइनमध्ये अधिकारी होते. परदेशातून येणारं रोप, बी, कंद तपासायचं आणि त्याच्याबरोबर रोग किंवा कीड येत नाही ना ते बघायचं, हे आमचं काम. कंदाला देशात यायचं तर दोन कागद लागतात. एक आपल्या सरकारचा आयात परवाना, म्हणजे त्याचा व्हिसा. दुसरं त्याच्या देशाने दिलेलं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे त्याची मेडिकल. या बटाट्यांकडे दोन्ही नव्हतं. त्यांच्याकडे राजदूतांच्या सहीचं शुभेच्छापत्र होतं. मातीचा तर प्रश्नच नव्हता. परदेशातली माती अशी पेटीत घालून आणता येत नाही.

कार्यक्रम मोठा होता. 'अन्न आणि जगाचं राजकारण' असा परिसंवाद, मग वृक्षारोपणाच्या धर्तीवर कंदारोपण. खड्ड्यात दोन खंडांच्या मातीचा संगम होणार होता. वर शिंपडायला खडकवासल्याचं पाणी चांदीच्या कलशातून येणार होतं. संस्थेच्या नळालाही तेच पाणी येतं, पण नळाचा फोटो चांगला येत नाही.

दुपारी वरच्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला.

"काहीतरी पेटी आहे म्हणे तुमच्याकडे?"

"आहे सर."

"छोटीशीच आहे म्हणे."

"पेटी छोटी आहे सर."

"बघा, काही करता येत असेल तर. म्हणजे, सोडा असं मी म्हणत नाहीये."

"बरं सर. मग नाही सोडत."

"तुमची रिटायरमेंट कधी आहे हो?"

"येत्या मार्चमध्ये."

"अच्छा," साहेब म्हणाले. नुसत्या पाच महिन्यांसाठी बदली करणं त्यांनाही बरं वाटलं नसावं. त्यांनी फोन ठेवला.

तासाभरात संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब स्वतः आले. बरोबर प्राचार्य होते. भाऊसाहेबांचा आवाज सभागृहासाठी घडवलेला आहे. आमची केबिन त्याला पुरत नव्हती.

"मॅडम, पत्रिका वाचलीत?"

"वाचली."

"मग तुम्हाला कल्पना असेलच. बटाटा म्हणजे काय साधी वस्तू आहे? अहो, याच बटाट्याने सबंध आयर्लंड जगवलं."

"हो. आणि मग मारलं."

प्राचार्यांनी मान खाली घातली. ते इतिहासाचे होते.

मला ती गोष्ट सांगावीच लागली. आयर्लंडमधले गरीब लोक जवळजवळ बटाट्यावरच जगत होते, कारण तेवढ्याशा जमिनीत दुसरं काही पोटभर पिकत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेकडून बोटीतून एक रोग आला. आपल्याकडे त्याला करपा म्हणतात. शेतं सडली. लाखो माणसं मेली, लाखो बोटीत बसून अमेरिकेला गेली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य इंग्लंडला जातच होतं, कारण ते ज्यांच्या मालकीचं होतं ते उपाशी नव्हते. पुढे या स्थलांतरितांच्या नातवंडांनी अमेरिकेतल्या निवडणुका फिरवल्या, आणि मागे राहिलेल्यांनी इंग्रजांना ते विसरू दिलं नाही.

"बघा," भाऊसाहेब म्हणाले, "म्हणजे आमचं वाक्य बरोबरच आहे."

"अगदी बरोबर आहे. फक्त इतिहास घडवणारा तो बटाटा तपासायला बंदरावर कोणी बसलं नव्हतं."

"पण आपल्याकडे कुठे तसं आहे? आपण काय बटाट्यावर जगतो?"

"मंचरकडे जगतात, खेडकडे जगतात. माझं सासर मंचरचं. दिरांचा दरवर्षी बटाटाच असतो."

भाऊसाहेबांचे डोळे चमकले. "म्हणजे मॅडम, यात तुमचा हितसंबंध आहे."

"आहे ना. तुम्ही वडापाव खाता का?"

"क्वचित."

"मग तुमचाही आहे."

ते उठले. जाताना म्हणाले, "उद्या सकाळी येतो. तोपर्यंत विचार करा."

विचार करण्यासारखं काही नव्हतं, तपासण्यासारखं होतं. कागद नव्हते, म्हणून मी पेटी तशीही सोडणार नव्हते. पण नुसता नियम दाखवला की लोक नियम बदलणाऱ्याला फोन लावतात. बटाट्यांची माती मी ब्रशने अलगद काढली, पाण्यात ढवळली, बारीक चाळण्यांमधून गाळली आणि जे उरलं ते मायक्रोस्कोपखाली घेतलं. बराच वेळ नुसता कचरा आणि मुळांचे तुकडे. मग एक तपकिरी गोल मणी दिसला. शेजारी दुसरा.

हे मणी म्हणजे सिस्ट. एका सूत्रकृमीच्या मेलेल्या मादीचं कडक कवच, आणि त्यात शेकडो अंडी. मातीत ही अंडी वर्षानुवर्षं पडून राहतात. जवळ बटाट्याची मुळं आली की जागी होतात आणि मुळांना लागतात. वर झाड फक्त जरा सुकल्यासारखं दिसतं, त्यामुळे लोक आधी पाण्याला दोष देतात, मग खताला. नीलगिरीत हा कृमी फार पूर्वी असाच कुठून तरी आला. तो अजून तिथेच आहे, आणि तिथलं बेणं, म्हणजे लागवडीचा बटाटा, बाहेर न्यायला बंदी आली आहे. संस्थेच्या आवारातली माती माळ्याच्या फावड्याला लागून, कुंडीतून, कोणाच्या तरी ट्रकमधून मंचरपर्यंत जायला किती दिवस लागतील ते मला सांगता येत नाही. जाते, एवढं माहीत आहे.

सकाळी भाऊसाहेब आले. मी त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं.

"हे? एवढंसं?"

"एवढंसंच असतं."

ते पुन्हा वाकले. बघत राहिले. मग त्यांनी तोडगा काढला. "असं करा, बटाटे स्वच्छ धुवून द्या."

"भाऊसाहेब, धुवून जात असतं तर सरकारने इथे ऑफिस कशाला काढलं असतं? एक मोरी बांधली असती."

प्राचार्य खोकले. खोकला बराच वेळ चालला.

"पण पाहुण्यांना काय सांगायचं? त्यांच्या राष्ट्राचा अपमान होईल."

"पाहुण्यांना मी सांगते."

पाहुण्या डॉक्टर रोसा, बटाट्यावर आयुष्य घालवलेल्या सत्तरीच्या बाई. त्यांना हॉटेलवरून आणलं. मी काही बोलायच्या आधीच त्या मायक्रोस्कोपशी बसल्या, फोकस स्वतः फिरवला आणि म्हणाल्या, "हो. तोच आहे."

"हे जाळावे लागतील," मी म्हटलं.

"अर्थातच. तुम्ही आमच्याकडे आंबा घेऊन आला असतात तर मीही जाळला असता. थोडं वाईट वाटून."

"मग मॅडम, हे माती लागलेले बटाटे तुम्ही आणलेत कसे?" प्राचार्यांनी विचारलं.

"मी नाही आणले. पेटी आमच्या पर्यटन खात्याची आहे. मला फक्त विमानतळावर ती हातात धरायला सांगितलं होतं."

बटाटे नष्ट करायच्या कागदावर त्यांनी सही केली. माती, मखमल, बटाटे, सगळं भट्टीत गेलं. पेटीसुद्धा. नक्षी चांगली होती.

आता भाऊसाहेबांपुढे खरा पेच होता. संगमरवरी फलक तयार होता आणि 'जांभळा बटाटा' ही बातमी वर्तमानपत्रांना गेलेली होती. मी म्हटलं, मार्केट यार्डातून साधा बटाटा आणा आणि लोकांना खरं सांगा. पहिला अर्धा सल्ला त्यांनी मनावर घेतला.

दुसऱ्या दिवशी मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, बहुधा लक्ष ठेवायला. भाऊसाहेबांनी आयर्लंडची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली, दुष्काळाच्या अलीकडे थांबवली. मग मंत्र्यांसमोर चांदीचं तबक आलं. त्यात काहीतरी लांबट, जांभळट होतं.

मी शेजारी बसलेल्या प्राचार्यांकडे पाहिलं. ते समोर बघत पुटपुटले, "मार्केट यार्डात जांभळा बटाटा मिळेना. गाळेवाला म्हणाला, रंगच पाहिजे तर रताळं न्या."

पलीकडून डॉक्टर रोसा माझ्याकडे वाकल्या. "हेही मूळचं आमच्याच खंडातलं. पण हा बटाटा नाही."

"माहीत आहे."

"सांगायचं का?"

"कीड दिसते का?"

त्यांनी चष्मा सावरला. "नाही."

"मग माझ्या खात्याचा विषय नाही."

मंत्र्यांनी रताळं लावलं. वर खडकवासल्याचं पाणी पडलं. टाळ्या झाल्या.

नियम पाळून घ्यायचा असेल तर समारंभ होऊ द्यावा, हे मी नोकरीत शिकले. लोकांना बहुतेक वेळा वस्तू नको असते, तबक हवं असतं. मंचरचा बटाटा यंदाही नीट आला. दिरांना यातलं काही माहीत नाही. त्यांची तक्रार बाजारभावाबद्दल आहे.

'दोन राष्ट्रांच्या मैत्रीचं प्रतीक असलेला बटाटा' हा फलक अजून तिथेच आहे. त्याच्याखालचा वेल चांगला फोफावला होता. महाशिवरात्रीला संस्थेच्या स्टाफने तो खणला आणि खालची रताळी उकडून खाल्ली.